सेलवर घरचा दिवा

पैनगंगेच्या दक्षिणेला बेला, जैनथ, तामसी, भीमपूर ही आदिलाबाद जिल्ह्यातली मंडले, उत्तरेला यवतमाळ आणि चंद्रपूर. दोन्ही काठांवर कापूस, तूर आणि सोयाबीन, दोन्ही काठांवर मराठी, आणि पीक हाताशी आले की दोन्ही काठांवर रानडुकरांपायी रात्रीची जागल. जागलीला निघालेल्या माणसाच्या हातात बॅटरी असते आणि बॅटरीत दोन-तीन सेल. मागे घरात छताला टांगलेला दिवा मात्र २३० व्होल्टांचा. वळवाच्या वादळात तारा तुटल्या किंवा ट्रान्सफॉर्मर जळाला, तर भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो, रिमोटमध्ये दोन असतात, बॅटरीत तीन असतात आणि तरीही घर अंधारात बसते. या सेलांवर तो दिवा पेटवता येईल का?

प्रश्न शाळकरी वाटतो. पण शास्त्रज्ञ, खाणवाले, फोटोग्राफर आणि सौरकंदील बनवणारे यांनी त्यावर दीडशेहून जास्त वर्षे डोके चालवले आहे. त्यांच्या खटपटीतून निघालेले उत्तर असे की व्होल्ट वाढवणे सोपे आहे, एक तारेचे वेटोळे आणि एक ट्रान्झिस्टर पुरतो. अडते ते साठ्यापाशी. सेलमध्ये भरलेल्या ऊर्जेपेक्षा कणभरही जास्त बाहेर येत नाही, आणि जी आहे तीही हव्या त्या वेगाने ओढता येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. या दोन मर्यादा धरून पाहिले की या विषयातल्या बहुतेक यशापयशांचा उलगडा होतो.

काळ्या मसाल्याचा हिशेब

साध्या सेलची रचना अशी: बाहेर जस्ताची डबी, मधोमध कार्बनची कांडी आणि दोहोंच्या मध्ये काळा मसाला. हा मसाला म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची पूड. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये जस्त-मँगनीजची ही जोडी ओल्या रूपात मांडली. पुढे १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनरने तिचा कोरडा, खिशातून नेता येईल असा सेल केला. मसाल्याचा कच्चा माल मराठी मुलखाला परका नाही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतला मँगनीज डायऑक्साइड सेल बनवणाऱ्या कारखान्यांना जातो, आणि ही खाण नागपूरच्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची आहे. खुद्द आदिलाबादच्या परिसरात, पैनगंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिप्राचीन चुनखडकांच्या थरांतही मँगनीजचे साठे आहेत.

सेलमधला साठा वॉट-तासांत मोजतात. एक वॉटचा दिवा एक तास जळला की एक वॉट-तास खर्च होतो, आणि असे हजार वॉट-तास झाले की वीजबिलावरचे एक युनिट होते. साध्या पेन्सिल सेलमध्ये ढोबळमानाने एक वॉट-तास असतो. अल्कलाइन पेन्सिल सेल सावकाश वापरला तर अडीच-तीन वॉट-तास देतो. २,००० मिलिअँपिअर-तासांचा चार्जिंगचा निकेल सेल १.२ व्होल्टांवर चालतो, म्हणजे त्यात २.४ वॉट-तास. बॅटरीतला मोठा साधा सेल सहा-सात वॉट-तासांपर्यंत जातो. मोबाइलच्या पॉवर बँकेत असतो तो लिथियमचा गोल सेल २,५०० मिलिअँपिअर-तासांचा असेल, तर ३.६ व्होल्टांवर सुमारे नऊ वॉट-तास साठवतो.

आता दुसरी बाजू पाहू. साध्या पेन्सिल सेलची दोन टोके तारेने सरळ जोडली तरी त्यातून चार-पाच अँपिअरच्या वर प्रवाह सहसा निघत नाही, कारण सेलच्या पोटातला रोध आड येतो. दिवसाकाठी थोडीथोडी ऊर्जा मागितली तर हा सेल भिंतीवरचे घड्याळ वर्षभर चालवतो. जोर लावून ओढू गेले तर फार तर दोन वॉटांच्या आतबाहेर देतो, तेही थोडाच वेळ. म्हणून नऊ वॉटचा एलईडी बल्ब एका साध्या पेन्सिल सेलवर पूर्ण प्रकाशाने पेटवणारे सर्किट कुणालाही बनवता येणार नाही. सर्किट कितीही हुशारीने रचले तरी तेवढी वीज सेलमधून बाहेरच पडत नाही.

पहिली वाट: सेलापुढे सेल

व्होल्ट वाढवायची सर्वांत जुनी रीत म्हणजे सेलांची माळ. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० मध्ये जगापुढे ठेवलेली रास याच तत्त्वाची होती. आपल्याकडे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मिळते, तिच्यातही दीड व्होल्टचे सहा बारके सेल एकामागे एक रचलेले असतात. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या जमान्यात वीज नसलेल्या गावांत रेडिओ चालवायला ९० व्होल्टचे कोरड्या सेलांचे ठोकळे वापरले जात. म्हणजे साठ सेल एकाच पुठ्ठ्यात.

याच हिशेबाने २३० व्होल्टांसाठी १५४ सेल लागतील. गंमत अशी की बहुतेक एलईडी बल्ब आत आलेली एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेची करून घेतात, त्यामुळे त्यातले पुष्कळसे या माळेवर थेट पेटतील. नऊ वॉटच्या बल्बला फक्त ४० मिलिअँपिअर प्रवाह लागेल आणि इतक्या हलक्या ओढीला साधा सेल छान साथ देतो. १५४ सेलांचे दीडशेच्या आसपास वॉट-तास म्हणजे सोळा-सतरा तास प्रकाश. दहा-पंधरा रुपयांना एक सेल धरला तर हा प्रकाश पंधराशे ते तेवीसशे रुपयांना पडेल. शिवाय ही माळ जिवावर बेतू शकते. डीसी विजेची ठिणगी एसीसारखी सेकंदाला शंभरदा शून्यावर येत नाही, त्यामुळे ती सहज तुटत नाही. उघड्या टोकांच्या दोनशे व्होल्टांच्या माळेशी खेळण्याचा प्रयोग कुणी घरी करू नये.

दुसरी वाट: प्रवाह तोडायचा

मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिले की लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातला प्रवाह चालू-बंद केला, तर दुसऱ्यात वीज उमटते. दुसऱ्याचे वेढे जास्त असतील तर व्होल्टही जास्त. आयर्लंडमधल्या निकोलस कॅलन या पाद्री प्राध्यापकाने १८३६ मध्ये याच तत्त्वाचे मोठे वेटोळे केले. पुढे पॅरिसच्या हाइनरिश रुमकोर्फने १८५० च्या दशकात ते इतके सुधारले की मोजक्या सेलांवर लांबच लांब ठिणग्या उडू लागल्या. १८५७ मध्ये जर्मनीत हाइनरिश गाइसलरने हवा उपसून थोडासा वायू भरलेली काचनळी बनवली. या नळीला हजारो व्होल्ट लागत आणि रुमकोर्फचे वेटोळे ते देत असे. छोट्या बॅटरीवरचा मोठ्या व्होल्टांचा दिवा जन्मला तो इथे.

या दिव्याचे पहिले काम होते कोळशाच्या खाणीत. खाणीतल्या मिथेन वायूला उघड्या ज्योतीची ठिणगी लागली की स्फोट होई. फ्रान्समध्ये १८६० च्या दशकाच्या आरंभी ड्यूमा आणि बेन्वा यांनी खांद्याच्या पिशवीत सेल आणि वेटोळे, हातात गाइसलरची नळी, असा दिवा केला. नळीचा उजेड थंड असे आणि वायूपासून बंदिस्त असे. ज्यूल व्हर्नने १८६४ मध्ये पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्यातल्या प्रवाशांच्या हाती हाच दिवा दिला.

कादंबरीत तो अमर झाला, खाणीत मात्र टिकला नाही. वेटोळे जड होते, हजारो व्होल्टांच्या तारांचे आवरण ओलसर बोगद्यात दगा देई आणि उजेड जेमतेम पडे. बेल्लमपल्ली, मंदमर्री हा सिंगरेणी कोळसा कंपनीच्या पट्ट्याचा भाग ११ ऑक्टोबर २०१६ ला जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत आदिलाबादमध्येच होता, आता तो मंचेरियाल जिल्ह्यात आहे. जगभरच्या खाणींप्रमाणे इथेही कमरेच्या पट्ट्याला मोजक्या व्होल्टांची बॅटरी आणि टोपीवर तेवढ्याच व्होल्टांचा दिवा, हीच पद्धत रुजली. व्होल्ट चढवायचे नाहीत आणि दिवाच सेलला साजेसा घ्यायचा, हा धडा खाणकामगारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घेतला होता.

प्रवाह तोडल्यावर व्होल्ट कसे उसळतात हे इलेक्ट्रिशियनच्या साध्या टेस्टरवर दिसते. टेस्टरमधला निऑनचा बारका दिवा साधारण ९० व्होल्टांच्या खाली पेटत नाही. जुन्या रेडिओतला किंवा अॅडॉप्टरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, कमी वेढ्यांच्या बाजूला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून उचलायचा आणि निऑन दुसऱ्या बाजूला जोडून ठेवायचा. सेल टेकवताना फारसे काही होत नाही. उचलताना मात्र निऑन नारंगी लुकलुकतो. लोखंडात साठलेले चुंबकत्व एका झटक्यात कोसळते आणि त्या झटक्यातून शंभराच्या वर व्होल्ट उभे राहतात. बोटे तारांना लागली तर चांगलाच चटका बसतो, म्हणून हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

तिसरी वाट: ट्रान्झिस्टरची टिकटिक

रुमकोर्फच्या वेटोळ्यात प्रवाह तोडायला थरथरणारी लोखंडी पट्टी असे. तिची टोके जळत आणि तिचा वेगही मर्यादित होता. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या काही वर्षांत ही पट्टी गेली. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो. वेग वाढला की तेवढ्याच कामाला लोखंड कमी लागते, म्हणून पाच किलोचे वेटोळे फेराइट या चुंबकी पदार्थाच्या बोराएवढ्या कड्यावर येऊन बसले.

याचा सर्वांत यशस्वी वापर म्हणजे कॅमेऱ्याचा फ्लॅश. अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टनने १९३१ पासून वायूभरल्या नळ्यांच्या लखलखाटावर काम केले आणि ट्रान्झिस्टरमुळे तो लखलखाट खिशात मावला. लग्नाच्या मांडवात फोटोग्राफरने बटण दाबले की फ्लॅश चमकतो आणि मग बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येते. ती शीळ म्हणजे ट्रान्झिस्टर आणि वेटोळे यांची चालू-बंद. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या साध्या फ्लॅशमध्ये सुमारे ३०० व्होल्टांवर वीज साठवणारा एक कपॅसिटर भरला जातो. १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरला तर त्यात ५.४ ज्यूल ऊर्जा साठते, आणि ती साठवायला पाच-सहा सेकंद जातात. म्हणजे सेलवरचा भार एक-दोन वॉटांचाच. नळीतून मात्र हीच ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडते, आणि त्या क्षणापुरती तिची ताकद पाच किलोवॉटांवर जाते.

सेलला हळूहळू पिळायचे आणि साठवलेले एकदम उधळायचे, ही युक्ती इथे जुळून आली, कारण फोटोला क्षणभरच उजेड हवा असतो. घराला रात्रभर हवा असतो. फ्लॅशचे यश घरच्या दिव्याला उपयोगी पडत नाही ते एवढ्यासाठीच. जाता जाता एक सावधगिरी सांगायला हवी. जुना फ्लॅश उघडणाऱ्याला त्यातला कपॅसिटर सेल काढल्यानंतरही बराच वेळ ३०० व्होल्टांचा धक्का देऊ शकतो.

हीच चालू-बंदची कला अवाढव्य प्रमाणात पाहायची तर पैनगंगा-वर्धा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला जावे लागेल. तिथल्या १,००० मेगावॉटच्या केंद्रात अर्धवाहकांचे प्रचंड स्विच एसी वीज डीसी करतात आणि लगेच पुन्हा एसी करतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभारलेल्या या केंद्राने पश्चिमेचे आणि दक्षिणेचे वीजजाळे रामगुंडमच्या बाजूने जोडले. दोन्ही जाळ्यांची लय तेव्हा वेगळी होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनी चालू झाल्यावर ती एक झाली. मच्छर मारायच्या रॅकेटमधला चण्याएवढा ट्रान्झिस्टर आणि भद्रावतीचे हे केंद्र एकाच घराण्यातले आहेत. दोघेही विजेचे रूप बदलतात, वीज निर्माण मात्र दोघेही करत नाहीत.

ट्यूबच्या कंदिलाची पंचवीस वर्षे

घरच्या उजेडासाठी ही कला खऱ्या अर्थाने वापरली गेली ती छोट्या ट्यूबच्या कंदिलात. लोडशेडिंगच्या काळात घरोघरी दिसणारा ‘इमर्जन्सी लाइट’ तो हाच. सहा वॉटची हातभर लांबीचीही नसलेली ट्यूब पेटल्यावर सुमारे ४२ व्होल्टांवर चालते, पण पेटायला तिला काही शे व्होल्टांचा धक्का लागतो. चार मोठे सेल किंवा सहा व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर आणि फेराइटचा ट्रान्सफॉर्मर एवढ्यावर हे जमत असे. साध्या पिवळ्या बल्बपेक्षा ट्यूब तेवढ्याच विजेत चार-पाच पट उजेड देई, म्हणून व्होल्ट चढवताना होणारी वीस टक्क्यांची घट परवडायची.

केंद्र सरकारच्या अपारंपरिक ऊर्जा कार्यक्रमात याचेच सौर रूप आले: दहा वॉटचे पॅनेल, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी आणि सात वॉटचा सीएफएल. कागदावर ८४ वॉट-तासांचा साठा, त्यातून तीन-चार तासांचा रोजचा उजेड आणि ढगाळ दिवसासाठी थोडी शिल्लक. ल्युमेन या उजेडाच्या मापाने रॉकेलचा कंदील जिथे पन्नास-साठवर अडतो, तिथे हा साडेतीनशेच्या वर जाई. डोंगरातल्या ज्या गुड्यापाड्यांवर तारा उशिरा पोचल्या, तिथल्या अभ्यासाला आणि स्वयंपाकाला हा फरक मोठा होता.

कंदील बंद पडायचे ते दोन कारणांनी. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत वापरली आणि तशीच ठेवून दिली की शिसे-आम्लाचा सेल दोन-तीन पावसाळ्यांत मरतो. दुसरे म्हणजे स्वस्त सर्किट ट्यूबची टोके आधी तापवत नाही, थंड टोकांवर व्होल्टांचा मारा करते. त्याने टोके काळी पडतात आणि ट्यूब वेळेआधी जाते. तालुक्याच्या गावी नवी ट्यूब मिळे, पण सर्किट दुरुस्त करणारा हात मिळेलच असे नव्हते.

दुरुस्तीचा हा प्रश्न ओळखून आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये सौरदिव्यांचा वेगळा उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या ग्रामीण विद्यार्थ्यांना १२० रुपयांत अभ्यासाचा दिवा मिळाला. दिवे जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण गावातल्याच लोकांना दिले गेले. या दिव्यात ट्यूब नव्हती, एलईडी होता. आता तर ट्यूबचे दिवसच भरत आले आहेत. तिच्यात पारा असतो, आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचे ठरवले आहे.

आठ हजार व्होल्ट आणि जिवंत डुक्कर

व्होल्ट आणि साठा यांतला फरक शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळतो, कारण तो त्याच्या बांधावर आहे. विदर्भात आणि सीमेपलीकडे रानडुकरांना आवरायला झटका मशीन लावतात. बारा व्होल्टची बॅटरी, बहुधा सोबत छोटे सौर पॅनेल आणि कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला एक झटका. हा झटका सात-आठ हजार व्होल्टांचा असू शकतो, पण सेकंदाच्या अतिशय लहान अंशात तो संपतो आणि त्यातली ऊर्जा मोजक्या ज्यूलांची असते. डुक्कर किंचाळून पळते, मरत नाही.

याउलट काही जण खांबावरची २३० व्होल्टची वीज सरळ कुंपणात सोडतात. व्होल्ट झटका मशीनच्या तीस-पस्तिसाव्या भागाएवढे, पण मागे अख्खे वीजकेंद्र उभे. त्या तारेला चिकटलेला सुटत नाही. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या शिवारात येतात, आणि अशा तारांनी या टापूत वाघ, गुरे आणि माणसेही गेली आहेत. कुंपणात घरगुती वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि बॅटरीचे कुंपण बाजारात मिळत असताना तो करण्याला काही सबब उरत नाही. धोका ठरतो तो व्होल्टांच्या जोडीला मागून किती ऊर्जा येते यावर. उजेडाचे गणितही नेमके यावरच उभे आहे.

दिवा खाली उतरला

पांढरा एलईडी १९९० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आला. त्याला पायाभूत ठरलेल्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टांच्या आसपास लागतात. म्हणजे दोनशे तीसपर्यंत चढायची गरजच संपली, फक्त दीडचे तीन करायचे उरले. १९९९ मध्ये एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात एक ट्रान्झिस्टर, एक रोधक आणि फेराइटच्या कड्यावर दोन वेटोळी एवढ्यात हे करणारे सर्किट छापून आले. पुढे ते ‘ज्यूल थीफ’ नावाने जगभरच्या हौशी मुलांचा पहिला प्रयोग झाले. घड्याळातून काढून टाकलेला, एक व्होल्टाच्याही खाली गेलेला सेल या सर्किटवर आणखी काही दिवस मिणमिणता दिवा चालवतो. सेलच्या तळाशी राहिलेला, एरवी कचऱ्यात जाणारा साठा यातून वापरला जातो.

भारतात एलईडी घरोघरी पोचला तो ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमुळे. सरकारी खरेदीत एका बल्बचा दर ३१० रुपयांवरून काही वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. नऊ वॉटचा बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. त्यासाठी पूर्वी साठ-पंच्याहत्तर वॉट जाळावे लागत.

आता मूळ प्रश्नाकडे. चार्जिंगचे चार पेन्सिल सेल, एकत्र ४.८ व्होल्ट आणि ९.६ वॉट-तास. त्यांवर २३० व्होल्टचा नऊ वॉटचा बल्ब पेटवायचा, आणि व्होल्ट चढवणाऱ्या सर्किटची कार्यक्षमता ८० टक्के. सेलांवर भार पडेल सव्वाअकरा वॉटांचा, म्हणजे २.३ अँपिअरचा. चांगले निकेल सेल तो सोसतील आणि बल्ब सुमारे पन्नास मिनिटे जळेल. याच खटाटोपात सर्किट व्होल्ट चढवते आणि बल्बच्या टोपीतले सर्किट ते आपल्या सोयीने पुन्हा बदलून घेते. दोन्हीकडे घट होते. तेच चार सेल एक वॉटच्या एलईडीला थेट, साध्या रोधकातून जोडले, तर शंभरएक ल्युमेनचा अभ्यासापुरता उजेड सहा-सात तास मिळतो. तीच ऊर्जा, पण रात्र निघते.

बाजारातला ‘इन्व्हर्टर बल्ब’ हेच करतो. तो होल्डरमध्ये बसतो, वीज असताना पोटातला लिथियम सेल भरतो आणि वीज गेली की कमी व्होल्टांच्या एलईडीवर चालतो. गिऱ्हाइकाला खात्री पटवायला दुकानदार त्याच्या टोकावर बोट टेकवून तो पेटवून दाखवतो. बोटातून जाणारा नगण्य प्रवाह आतल्या सर्किटला फक्त इशारा देतो, उजेड येतो तो आतल्या सेलमधून.

फुकटचा उजेड आणि फसवे प्रयोग

हे तत्त्व ठाऊक नसले की फसगत होते. लोहचुंबक, तांब्याची तार आणि एक सेल लावून २३० व्होल्टचा बल्ब लख्ख पेटवणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्यांत बहुधा होल्डरच्या खाली लपवलेली तार किंवा पोटात सेल असलेला बल्ब असतो. खरे प्रयोगही असतात, तेव्हा निकाल वेगळा दिसतो. जळालेल्या सीएफएलची नळी एका सेलवरच्या सर्किटला जोडली तर ती खरोखरच पेटते, कारण जास्त व्होल्टांना तिच्या तुटलेल्या तंतूची गरज राहत नाही. पण ती मंद असते, अर्धा-एक वॉटाएवढीच. प्रकाश खरा की खोटा हे ताडायला एक गुणाकार पुरतो: सेलचे व्होल्ट गुणिले अँपिअर. बल्ब त्याहून जास्त वॉट खात असल्याचे दिसले, तर उरलेली वीज कुठूनतरी चोरून येते आहे.

पैशांचा हिशेबही याच गुणाकाराने सुटतो. साध्या पेन्सिल सेलातल्या विजेचे एक युनिट जमवायला हजार सेल लागतील, म्हणजे दहा ते पंधरा हजार रुपये. खांबावरून येणारे युनिट लहान घरगुती ग्राहकाला एक आकडी रुपयांत पडते. शेकडो वेळा भरता येणारा सेल आणि छोटे पॅनेल यांनी ही दरी बुजते, म्हणूनच सेलवरच्या उजेडाची खरी वाट तिकडून जाते. उरला कचरा. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी लहान सेल गोळा करण्याची जबाबदारीही उत्पादकांवर टाकली आहे. बेला किंवा इंद्रवेल्लीच्या किराणा दुकानापाशी मात्र संपलेला सेल अजून उकिरड्यावरच जातो. तो परत घेणारी पेटी नवा सेल विकणाऱ्याच दुकानात हवी.

दुसरी गरज वेष्टनावरच्या माहितीची. साध्या सेलवर व्होल्ट ठळक छापलेले असतात, साठा सहसा नसतो. व्होल्टांना भुलण्याचे निम्मे मूळ तिथे आहे. सेलवर वॉट-तास आणि इमर्जन्सी दिव्यावर ‘इतके ल्युमेन, इतके तास’ छापणे सक्तीचे झाले, तर जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि परीक्षेच्या वर्षातल्या मुलीला आपापली निवड करता येईल.

तिसरे काम शाळांचे आहे. आदिलाबाद जिल्ह्यात सरकारी मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. आठवी-नववीच्या वर्गात एक मल्टीमीटर, एका वॉटचा एलईडी, एक रोधक आणि गावच्या दुकानातले तीन-चार प्रकारचे सेल एवढ्यात पुरा प्रयोग होतो. एलईडी तीन व्होल्टांचा असल्याने प्रत्येक प्रकारचे तीन सेल माळेत जोडायचे, दर अर्ध्या तासाला व्होल्ट आणि अँपिअर वहीत उतरवायचे, शेवटी गुणाकारांची बेरीज करून ती निम्मी करायची, म्हणजे वॉट-तास मिळतात, आणि त्यांना सेलांच्या किमतीशेजारी मांडायचे. दोन-तीन दिवसांत कोणत्या सेलातली वीज किती रुपयांना पडते याचा गावापुरता तक्ता तयार होईल, आणि तो दुकानाच्या भिंतीवर लावता येईल.